पोट मोठं, पंगत लहान

कोजागरीच्या सुमारास सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडे वळवली जाते आणि पंचेचाळीस किलोमीटरचा तो चौपदरी महामार्ग पायी जाणाऱ्यांच्या ताब्यात येतो. सोलापूर शहरातून, अक्कलकोटकडून, सीमेपलीकडच्या कानडी गावांतून माणसं येतात आणि आईच्या नावाचा उदो उदो करत रात्रभर चालतात. एरवी दुभाजकाला घासून चालणारी डांबराची ती पट्टी किती रुंद आहे, हे त्या एका रात्री कळतं. पौर्णिमा सरते, बॅरिकेड हटतात, गाड्या परत येतात. एका पांढऱ्या, उंच, काळ्या काचांच्या गाडीत एक चालक आणि मागे एक माणूस. शेजारून जाणाऱ्या एसटीत दांडीला धरून उभे राहिलेले लोक. आदल्या रात्री ज्या जागेत शंभर जण चालत होते, तिथे आता दोघं बसून जातात.

यंदाच्या अंकाचा विषय ‘निरोप’ आहे. या रस्त्यावरून गेल्या काही वर्षांत निरोप घेतलेल्या गाड्या पाहिल्या तर दोन नावं आधी येतात : टाटा सुमो आणि जुनी टाटा सफारी. दोन्ही अवजड, दोन्ही डिझेलच्या भुकेल्या, दोन्ही कच्च्या वाटेवर उतरायला न कचरणाऱ्या, आणि दोघींचंही उत्पादन २०१९ मध्ये थांबलं. मोठ्या गाड्यांचा काळ संपला, असा याचा अर्थ लावणं सोपं आहे. रस्ता मात्र उलट सांगतो. मोठ्या गाड्या वाढल्या. त्यांत बसणारी माणसं कमी झाली. गाडी किती डिझेल पिते, एवढाच प्रश्न आपण विचारत राहिलो आणि त्या डिझेलवर किती जण पोचतात, हे मोजायचं राहून गेलं. या निरोपाचा खरा अर्थ त्या न केलेल्या मोजणीत आहे.

पुण्यात जन्म, नाक्यावर संसार

सुमोच्या नावाचा जपानी पैलवानाशी संबंध नाही. टेल्को या टाटांच्या वाहन कंपनीला घडवणारे सुमंत मुळगावकर यांच्या नावातला ‘सु’ आणि आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला ‘मो’ घेऊन हे नाव झालं. मुळगावकर १९८९ मध्ये गेले आणि गाडी १९९४ मध्ये आली. तिचं कूळ मात्र आधीचं. १९८८ च्या टाटामोबाइल या पिकअपसाठी जो सांगाडा पुण्यात तयार झाला, त्याच्यावर पुढे सिएरा, इस्टेट, सुमो आणि १९९८ मध्ये सफारी उभी राहिली. म्हणजे मालवाहू गाडीची चासी आणि तिच्यावर माणसांसाठी चढवलेली बॉडी. शिडीसारखी लोखंडी चौकट, मागे पाटे, दोन लिटरचं डिझेल इंजिन आणि पाठीमागे समोरासमोर बसायची बाकं. कागदावर चालकासह दहा जण. आराम बेताचा, पण ओझं घेतल्यावर ही गाडी कुरकुरत नसे, आणि तिचं काम कुठल्याही तालुक्याच्या गावातल्या मेस्त्रीला जमत असे.

सोलापूर जिल्ह्याला अशीच गाडी हवी होती. इथली काळी जमीन पावसात चिखल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या जमिनीवर टाकलेला रस्ता खालून हलत राहतो. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या त्याच रस्त्याच्या कडा मोडतात. त्यात हा जिल्हा देवस्थानांचा. पंढरपूर, अक्कलकोट, शेजारी तुळजापूर, पलीकडे गाणगापूर. लग्नसराई, जत्रा, बाजार, दवाखाना, कोर्टाची तारीख : गावातून तालुक्याला आणि तालुक्यातून सोलापूरला माणसांची ये-जा अखंड चालू असते. एसटी दिवसातून दोनदा येणार आणि माणसाला निघायचंय आत्ता, ही फट जिथे जिथे होती तिथे वडाप, म्हणजे सीटवर भाडं घेऊन माणसं नेणारी खासगी गाडी, उभं राहिलं. आधी जीप आणि ट्रॅक्स, मग त्यांच्या जोडीला सुमो. ज्या गाडीची जाहिरात घरच्या माणसांसाठी झाली, ती प्रत्यक्षात साऱ्या गावाची झाली.

सफारीचं नशीब वेगळं. तीच चासी, पण मागे स्प्रिंगा, आत गाद्या आणि हवी असेल तर चारही चाकांना ताकद. ती कारखान्याच्या संचालकाच्या दारात, पुढाऱ्याच्या ताफ्यात आणि मोठ्या बागायतदाराच्या वाड्यापुढे दिसू लागली. सुमो आणि सफारी या एकाच चासीच्या दोन बहिणी. एक सीट भरल्याशिवाय निघत नसे, दुसरी एकट्यासाठी निघत असे. या लेखातला सगळा युक्तिवाद या एका फरकावर उभा आहे.

आठव्या सीटचं गणित

वडापला वेळापत्रक नसतं. नाक्यावर नंबर लागतो, पहिल्या नंबरची गाडी भरली की सुटते, मग दुसरी पुढे सरकते. भाडं एसटीच्या आसपास ठेवावं लागतं, नाहीतर माणूस स्टँडवर जाऊन थांबतो. डिझेल, हप्ता, टायर, विमा, पासिंग आणि चालकाचा रोज, हा खर्च गाडीत चार जण असोत की नऊ, तेवढाच. म्हणून पहिल्या सहा-सात सीटा खर्च भागवतात आणि आठव्या सीटपासून चालकाच्या घरात पैसा जातो. गाडी गच्च भरल्याशिवाय न हलवण्यामागे हे गणित आहे. दहावा, बारावा, पंधरावा माणूस कोंबण्यामागे, टपावर आणि मागच्या शिडीवर लोंबकळणाऱ्यांमागेही हेच गणित आहे.

या व्यवस्थेची दोन तोंडं एकाच वेळी पाहायला हवीत. टप्प्याटप्प्यावर माणसं घेत जाण्याचा हक्क राज्यात मूलतः एसटीचा. वडापकडे असला तर कंत्राटी प्रवासाचा परवाना. त्यामुळे रोजची खेप कायद्याच्या कडेकडेनं चालते, आणि जे कडेनं चालतं त्याला सुरक्षेचे नियम लावायला कुणी पुढे येत नाही. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये एसटीचा संप चिघळला, तेव्हा सरकारनंच अधिसूचना काढून खासगी बस, शाळेच्या बस, इतकंच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी न्यायची मुभा दिली. कार्तिकी वारी त्याच दिवसांत होती. संप पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला आणि एरवी बेकायदा ठरणारी गाडी त्या काळात सरकारी परवानगीनं गावोगावचा आधार झाली. जिची गरज संकटात राजरोस मान्य होते, तिला सुकाळात नियम नाकारणं हे राज्यकर्त्यांचं अपयश आहे, प्रवाशाचं नाही.

धूर आणि धडक

सुमो का थांबली, याचं उत्तर दोन शब्दांत आहे : धूर आणि धडक. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. बीएस-५ ची पायरी गाळून आपण थेट पुढे उडी मारली. डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. ती गाठायची तर काजळी अडवणारी गाळणी, धुरावर रासायनिक प्रक्रिया करणारी यंत्रणा आणि त्यांवर नजर ठेवणारी संगणकीय साखळी जुन्या इंजिनाला जोडावी लागते. धडकेचा नियम त्याआधीच आला. ऑक्टोबर २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला ताशी ५६ किलोमीटर वेगानं समोरून, एका बाजूला होणाऱ्या टकरीची आणि ५० किलोमीटर वेगानं कुशीवर होणाऱ्या टकरीची परीक्षा बंधनकारक झाली. चालकाची एअरबॅग, वेगाचा इशारा, मागे घेताना वाजणारा सेन्सर हेही त्याच वर्षी सक्तीचं झालं.

जुन्या घडणीची गाडी या परीक्षेत का अडखळते, हे समजून घेण्यासारखं आहे. शिडीची चौकट मजबूत असते म्हणून ती सुरक्षित, असा समज नाक्यावर अजून आहे. टक्कर झाल्यावर पुढचा भाग ठरवून चुरगळला, तर धक्क्याचा जोर त्या चुरगळण्यात जिरतो. चौकट वाकलीच नाही, तर तो जोर थेट आतल्या माणसाच्या छातीपर्यंत पोचतो. शिवाय समोरासमोरच्या बाकांवर बसलेल्यांना पट्टा नसतो. ते एकमेकांवर आदळतात. म्हणून या नियमांविरुद्ध तक्रार करायला जागा नाही. ते हवेच होते, खरं तर फार उशिरा आले.

कंपनीनं पंचवीस वर्षांच्या घडणीवर नवा खर्च केला नाही. सुमोची विक्री तोवर आटली होती आणि नाक्यावर तिची जागा बोलेरो, क्रूझर, एर्टिगा, मॅजिक यांनी वाटून घेतली होती. सफारीचं नाव मात्र २०२१ मध्ये परत आलं. नवी सफारी शिडीच्या चासीवर नाही. ती पुढच्या चाकांवर चालते आणि चारही चाकांना ताकद देणारी रचना तिच्यात नाही. चिखलात उतरायची ताकद गेली. उंची, रुंदी आणि नाव राहिलं. अशी गाडी घेणाऱ्याला तिच्या चिखलातल्या कामाची गरज नव्हती, हे यातून स्पष्ट होतं.

हमरची गोष्ट इथे का सांगायची

खादाड, अवाढव्य गाडीच्या शेवटाचा जगातला सर्वांत गाजलेला दाखला अमेरिकेतल्या हमरचा. लष्करी हमवीची नागरी आवृत्ती १९९२ मध्ये आली. पुढे जनरल मोटर्सनं ते नाव घेऊन २००२ मध्ये एच-२ काढली : जवळपास तीन टन वजन, सहा लिटरचं आठ सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणि लिटरला जेमतेम चार-साडेचार किलोमीटर. तिला लोकांच्या हौसेइतकाच सरकारी नियमांचा हातभार होता. ठरावीक वजनापुढच्या गाड्या इंधन-कार्यक्षमतेच्या हिशेबातून वगळलेल्या होत्या. धंद्यासाठी घेतलेल्या जड वाहनावरची करसवलत २००३ मध्ये एक लाख डॉलरपर्यंत गेली. सवलत शेतकऱ्याच्या आणि ठेकेदाराच्या ट्रकसाठी होती. तिचा लाभ शहरातल्या डॉक्टर-वकिलांच्या दारातल्या हमरनं घेतला. २००८ मध्ये पेट्रोल भडकलं, २००९ मध्ये कंपनीच दिवाळखोरीत गेली, चिनी खरेदीदाराला त्याच्या सरकारची मंजुरी मिळाली नाही आणि मे २०१० मध्ये श्रीव्हपोर्टच्या कारखान्यातून शेवटची हमर बाहेर पडली.

तेव्हा जगभर सुटकेचा निःश्वास टाकला गेला. पुढे काय झालं? २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या मोटारींपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा हिशेब सांगतो. आणि हमर हे नावच विजेवर चालणाऱ्या गाडीवर परत आलं. तिचं वजन चार टनांच्या पुढे आहे. एक बदनाम गाडी बंद पडल्यानं मोह संपत नाही. तो मोह परवडवून देणारी करव्यवस्था तशीच राहिली, तर तीच गाडी दुसऱ्या नावानं परत येते.

लिटरमागे डोकी

आता हमर आणि आपली लालपरी शेजारी उभ्या करा. एसटीची साधी बस लिटरला चार-साडेचार किलोमीटरच देते, म्हणजे हमरएवढीच. पण तिच्यात चाळीस माणसं बसली, तर एका लिटरमध्ये १८० माणसं प्रत्येकी एक किलोमीटर पुढे जातात. सुमोचं ॲव्हरेज बाराचं धरलं आणि कायद्याप्रमाणे चालकाखेरीज नऊच जण बसवले, तरी हा आकडा १०८ होतो. पन्नासचं ॲव्हरेज देणाऱ्या मोटारसायकलवर दोघं असतील, तर १००. आणि अकराचं ॲव्हरेज देणाऱ्या मोठ्या गाडीत एकटा माणूस पंढरपूरला निघाला, तर ११. गाडीचं पोट तेवढंच असताना पंगतीत किती जण बसले, यावर नासाडी की काटकसर हे ठरतं. सफारी सात जणांनी भरली, तर तीही ७७ पर्यंत पोचते. म्हणून रोख गाडीच्या आकारावर नाही. रोख आहे तो रिकाम्या आकारावर.

या मोजणीनं पाहिलं, की गेल्या दोन-तीन दशकांतली सरकारी मदत कुणाच्या टाकीत गेली तेही दिसतं. २०१२ मध्ये पेट्रोल आणि डिझेलच्या भावात लिटरमागे वीस रुपयांहून जास्त फरक होता. डिझेल स्वस्त ठेवण्यामागे शेतकऱ्याचा पंप, मालवाहतूक आणि एसटी ही कारणं दिली जात. मोठ्या डिझेल गाड्यांनी तेच डिझेल पंपावर भरलं. मग जानेवारी २०१३ मध्ये घाऊक ग्राहकांसाठी डिझेल बाजारभावानं देण्याचा निर्णय झाला. घाऊक ग्राहक कोण? रेल्वे आणि राज्यांची परिवहन महामंडळं. चाळीस माणसं नेणाऱ्या बसला लिटरमागे दहा रुपयांच्या आसपास जास्त, आणि एका माणसाला नेणाऱ्या गाडीला सवलतीचा भाव. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल पूर्ण नियंत्रणमुक्त झालं, तेव्हाच ही उफराटी तऱ्हा संपली. पण करांमध्ये तिची सावली राहिली आहे. मोठ्या एसयूव्हीवर जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्के कर होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्क्यांवर आला. कारखानदारांसाठीचे इंधन-कार्यक्षमतेचे निकषही गाड्यांच्या सरासरी वजनाशी जोडलेले आहेत. गाड्या जितक्या जड, तितकी सूट जास्त. अमेरिकेनं केलेली चूक आपण आपल्या पद्धतीनं करत आहोत.

हरकती, आणि त्यांची उत्तरं

पहिली हरकत शेताच्या बांधावरून येते : शहरात बसून मोठ्या गाडीला नावं ठेवणं सोपं आहे, इथल्या रस्त्याला ती लागतेच. ही हरकत अर्धी खरी आहे. पावसाळ्यात वस्तीवर जायचं तर जमिनीपासून उंच गाडी हवी. पण शेतातलं खरं ओझं ट्रॅक्टर आणि पिकअप ओढतात. पुणे, हैदराबाद, तुळजापूर या दिशांना सोलापूरहून आता चौपदरी रस्ते आहेत, आणि मोठ्या गाड्यांचे बहुतेक किलोमीटर त्याच डांबरावर होतात. ज्याला गरज आहे त्यानं अशी गाडी घ्यावी. गरजेच्या नावावर सरसकट सवलत मागू नये.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे : वडापची बाजू घेणं म्हणजे अपघातांची बाजू घेणं. कोंबलेल्या गाडीचं समर्थन इथे मुळीच नाही. पंधरा माणसं भरलेली सुमो हा गुन्हाच होता. पण गाडी काढून घेतल्यावर माणूस प्रवास सोडत नाही, तो दुचाकीवर चढतो, अनेकदा तिघांनी मिळून. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ जणांचा जीव गेला आणि त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. असुरक्षित सामायिक गाडीला पर्याय म्हणून त्याहून असुरक्षित एकट्याची गाडी मिळाली, तर नियमाचा हेतू हरतो. नऊ सीटांची, पट्टे आणि एअरबॅग असलेली, ठरल्या मार्गावर परवाना घेऊन एसटीच्या फाट्यापर्यंत माणसं आणून सोडणारी गाडी, हा मधला मार्ग आहे. आठव्या सीटवर घर चालणाऱ्या चालकाला मार्गाची हमी आणि करात माफी मिळाली, तर पंधरावा माणूस कोंबण्याचं कारणच उरणार नाही.

तिसरी हरकत : पैसा ज्याचा, गाडी त्याची. गाडी त्याची आहेच. रस्ता मात्र सगळ्यांचा आहे, धूर सगळ्यांच्या छातीत जातो, आणि देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त आयात होतं, त्याचं परकीय चलन सगळ्यांच्या कष्टातून येतं. उंच बॉनेटची जड गाडी पादचाऱ्याला कमरेवर धडकते, लहान मुलाला डोक्यावर. विकत घेण्याच्या स्वातंत्र्यात या खर्चाची भरपाई धरलेली नसते. ती करातूनच घ्यावी लागते.

चौथी हरकत विजेची : इलेक्ट्रिक गाडी आली की हा वाद मिटेल. धूर नक्की कमी होईल. पण चार टनांची गाडी एका माणसासाठी पळवायला लागणारी वीज, धातू आणि रस्त्यावरची जागा कमी होणार नाही. वीज आधी कुठे जावी, याचं उत्तर १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या ‘शिवाई’ ई-बसनं दिलं आहे. त्याच्या बरोबर चौऱ्याहत्तर वर्षं आधी, १ जून १९४८ ला, एसटीची पहिली गाडी त्याच मार्गावर सुटली होती.

पंगत वाढवायची तर

यातून निघणारी मागणी साधी आहे. गाडीच्या नोंदणीवेळी कर वजनावर लावावा. परवानाधारक सामायिक गाडीला त्यातून सूट द्यावी, आणि त्या बदल्यात सीटांची मर्यादा काटेकोर पाळून घ्यावी. इंधन-कार्यक्षमतेच्या निकषातली जडपणाची सूट काढावी. गोळा होणारा पैसा एसटीच्या लहान बससाठी राखून ठेवावा, म्हणजे दिवसातून दोनदा येणारी गाडी सहा वेळा येईल. हे होण्याजोगं आहे, याचा पुरावा राज्यातच आहे. मार्च २०२३ मध्ये महिलांना एसटीत निम्मं तिकीट झालं आणि दुरावलेला प्रवासी परत गाडीत चढला. माणसाला सामायिक गाडी नको असते, हे खरं नाही. ती वेळेवर, परवडेल अशी आणि सुरक्षित हवी असते.

सुमो परत यावी, असं इथे कुणाला म्हणायचं नाही. तिच्या धुराला आणि तिच्या बाकांना निरोप द्यायलाच हवा होता. पण तिच्याबरोबर, गाडी भरल्यावरच निघायची ही सवयही आपण सोडून दिली, आणि रिकाम्या मोठेपणाला रस्ता मोकळा करून दिला. २०१९ मध्ये एमएच १३ क्रमांकावर खासगी पासिंग झालेल्या शेवटच्या सुमोंची पंधरा वर्षं २०३४ मध्ये भरतील. गावच्या फाट्यावर उभ्या राहणाऱ्या माणसासाठी तिच्या जागी काय यायचं, हे ठरवायला आपल्याकडे तेवढाच वेळ आहे.